पूजेत बसलेली पिवळी पाटी

सन दोन हजार एकोणीस. त्या वर्षी श्रावणात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरले, आणि आश्विनात, खंडेनवमीच्या दिवशी, मला आयुष्यात पहिल्यांदा हळदकुंकू लागले. माझी सगळी गोष्ट त्या एका दिवसाभोवती फिरते.

मित्रांनो, तुम्ही मला ओळखता. दवाखान्यात, बँकेत, मोठ्या दुकानात फरशी नुकतीच पुसलेली असली की तिथे दोन पायांवर उभी असते ती पिवळी पाटी, तीच मी. माझ्या अंगावर पाय घसरून पडणाऱ्या माणसाचे काळे चित्र आहे आणि त्याखाली लिहिले आहे, 'सावधान! फरशी ओली आहे.' आता त्या माणसाचा एक हात खरवडून गेला आहे, पहिले अक्षर पुसट झाले आहे, आणि मला उघडले की माझी बिजागरी कुरकुरते. वय झाले की जुने बोलावेसे वाटते. तेव्हा जरा बसा.

माझा जन्म शिरोलीच्या एका कारखान्यातला. फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या आणि दुधाच्या जुन्या क्रेट दळून, वितळवून आम्हा बहिणींना साच्यात ओतले. उन्हात तापले की माझ्या अंगाला अजून दुधाचा वास येतो, असे पुढे मला सांभाळणारी शालूबाई म्हणायची. खरे-खोटे तिलाच ठाऊक. एका टेंपोवाल्याने मला शाहूपुरीतल्या गुरुसिद्धअप्पांच्या भांड्यांच्या दुकानात आणले, आणि मी तिथलीच झाले.

अप्पांचे घराणे मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही. तांब्यापितळेची भांडी छताला टांगलेली असत. वारा आला की सगळे दुकान किणकिणायचे. अप्पांचा खरा जीव होता भांड्यांवर नावे घालण्यात. छोटे यंत्र हातात धरून ते ताटांवर, तांब्यांवर, कळशांवर टिंबाटिंबांनी अक्षरे उमटवायचे. लग्नाच्या दिवसांत त्या यंत्राची घुरघुर दिवसभर चालायची. अप्पांनी नाव घातलेले भांडे कोल्हापूरच्या कुठल्याही घरात ओळखू येई, कारण त्यांची दुसरी वेलांटी अंमळ लांब असे.

माझी मालकीण मात्र शालूबाई. ती दुकान झाडायची, पुसायची. फरशी पुसली की मला उघडून दारात उभे करायची आणि म्हणायची, "पिवळे, बघ गं दाराकडं." मी बघत असे. घाईत आलेली माणसे मला पाहून पाय आखडता घेत. लहान मुले माझ्यावरून उड्या मारत. एकदा एक गरोदर बाई मला बघून थबकली, भिंतीला धरून सावकाश गेली, आणि जाताना तिने माझ्या डोक्यावर हात टेकला. तो स्पर्श मी विसरले नाही. आमच्या कामाचे कौतुक होणे अवघड असते, मुलांनो. जो पडलाच नाही, तो कशाला आमची आठवण ठेवेल?

पुढे अप्पांचा मुलगा रुद्रेश दुकानात बसू लागला आणि माझे दिवस पालटले. तो मला उचलून रस्त्यावर ठेवी, आपल्या मोटारसायकलची जागा अडवायला. पावसाळ्यात माझ्या डोक्यावर ओले रेनकोट वाळत पडत. शालूबाई रोज मला शोधून आणायची आणि पुटपुटायची, "माणसं पडू देत, ह्यांची गाडी उभी ऱ्हायला पायजे."

मग तो पूर आला. दुकानात पार छतापर्यंत पाणी चढले. तांबे-पितळ तळाला गेले, कपाटे फुगली, कागदांचा लगदा झाला. मी हलकी, मी तरंगत वर गेले आणि छताच्या पंख्याला अडकून बसले. पाणी ओसरल्यावर शालूबाई चिखल तुडवत आत आली. वर बघून ती त्या अवकळेतही हसली.

"अप्पा, बघा की! एवढी जड भांडी बुडाली, आन ही बया वर जाऊन बसलीया!"

अप्पांनी मला हातात घेतले, धोतराच्या सोग्याने माझे तोंड पुसले. त्यांचे डोळे ओले होते. "पुरातनं वाचली म्हंजे लक्ष्मी हाय ही. औंदा पूजेला बसवायची."

"अप्पा, प्लास्टिकची पाटी हाय ती," रुद्रेश म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. वर्षभर दारात उभी ऱ्हाती ती. तुझ्यापरीस जास्त येळ."

कर्ज काढून दुकान पुन्हा उभे राहिले. जुनी शहाबादी फरशी पार खराब झाली होती. तिच्या जागी रुद्रेशने पांढरीशुभ्र, चकचकीत फरशी बसवली. टांगलेल्या भांड्यांचे प्रतिबिंब तिच्यात दिसे. फरशी सुंदर होती, पण दसऱ्याच्या आत दुकान उघडायच्या घाईत उतार नीट साधला नव्हता. पायरीवर ओतलेले पाणी बाहेर जायच्या ऐवजी थोडेसे आत वळायचे.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचे जे हत्यार, त्याची तो पूजा करतो. शेतकरी विळा-नांगराची, रिक्षावाला रिक्षाची. अप्पांनी पाटावर पांढरा कपडा अंथरून तराजू ठेवला, हातोडी, कात्री, नावे घालायचे यंत्र ठेवले, आणि मधोमध मला उभे केले. हळद वाहिली, माझ्या कपाळी, म्हणजे त्या पडणाऱ्या माणसाच्या अगदी डोक्यावर, ठसठशीत कुंकू लावले, गळ्यात झेंडूचा हार घातला. अप्पांच्या घरची रीत फार कडक होती. पूजेत बसलेले हत्यार त्या दिवशी वापरायचे नाही आणि जागचे हलवायचेही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मगच हात लावायचा. हत्यारालाही वर्षातून एक दिवस विसावा हवा, असे अप्पा म्हणत.

मी फार खूश होते. लपवत नाही. झेंडूच्या वासात मला माझे काम क्षणभर आठवलेच नाही.

तेवढ्यात दुकानात धोंडुबाई आली. कळंब्याकडची, शेतकरी घरातली विधवा बाई. घरी म्हशी, दोन मळे, कर्ता मुलगा अमरसिंह. पण गावातली खरेदी मात्र सगळी तिची. हिरवे लुगडे, हातात पिशवी, एकटीच बसने यायची, मंडई करायची, अंबाबाईचे दर्शन घ्यायची, अप्पांच्या दुकानात पाणी प्यायची आणि एकटीच परत जायची. तिच्या नातीचे, क्रांतीचे, लग्न ठरले होते. रुखवतात मांडायला तांब्याची कळशी घ्यायला ती आली होती.

मला बघून ती मोठ्याने हसली. "अप्पा, ही पाटी हाय का नवरी?"

"पुरातनं आलीया ती, अक्का. मान हाय तिचा."

धोंडुबाईने कळशांवर बोटाचे पेर वाजवून बघितले, एकीचा आवाज पसंत केला आणि म्हणाली, "हिच्यावर नाव घालून द्या. चिरंजीव क्रांती, आजीकडनं."

"नाव आज न्हाय, अक्का. मशीन पूजेत बसलंय. परवा या."

"परवा परत हेलपाटा व्हय?" ती हसत म्हणाली. "त्यापरीस मलाच बसवा की पूजेत. कुणी हलवणार न्हाय, कुणी कामाला लावणार न्हाय. बसून खाईन."

सगळे हसले. मीही हसले असते, हसता आले असते तर. त्या बोलण्याचा अर्थ पुढे काय होणार आहे, हे आम्हाला कुणालाच कळले नव्हते.

ती आत रुद्रेशशी कळशीचा भाव करत होती, तेव्हा बाहेर अप्पांनी कोहळा ओवाळला. दुकानाची दृष्ट काढायची म्हणून कुंकू भरलेला कोहळा उंबऱ्यावर आपटून फोडला. लाल गर, बिया, पाणी सगळ्या पायरीवर पसरले. रुद्रेश ओरडला, "शालूबाई, धुवून काढा बिगीबिगी, गिऱ्हाईक यायचंय." शालूबाईने बादल्या ओतल्या. पाणी पायरीवरून खाली गेले आणि थोडे, कोहळ्याचा बुळबुळीतपणा घेऊन, आतल्या पांढऱ्या फरशीवर आले. पांढऱ्या फरशीवर पाणी दिसत नाही.

शालूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, पिवळीला घेऊ का? दारात ओलं हाय."

"पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाय, शालू. उद्या घे."

"कोण पडलं-बिडलं तर?"

"वाळंल की आत्ता. एवढ्यात कोण पडतंय?"

मित्रांनो, धोंडुबाई आली तेव्हा दार कोरडे होते. जाताना ते ओले असेल, हे तिला कुणी सांगितले नाही. सांगायचे काम माझे होते, आणि मी हार घालून पाटावर बसले होते. नाव नंतर घालू, म्हणून कळशी कडेवर घेऊन ती निघाली. दोन पावले टाकली आणि तिचा पाय सरकला. कळशी निसटली, घणघणत पायऱ्या उतरली आणि रस्त्यावर जाऊन गरगरत थांबली. धोंडुबाई माझ्या अंगावरच्या चित्रासारखीच पडली. एक पाय वर, एक हात मागे.

अप्पा धावले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण तिचे पहिले शब्द होते, "कळशीला पोचा आला का बघा आधी."

पोचा आला होता. आणि धोंडुबाईचा खुबा मोडला होता.

शस्त्रक्रिया झाली, हाडात सळी बसली. क्रांतीच्या लग्नात आजी खुर्चीवर बसून होती आणि रुखवतात कळशी नव्हती. ती पोचा आलेली कळशी दुकानातच राहिली. रुद्रेशने तिला आणि मला, दोघींनाही, माळ्यावर टाकले. माझे कुंकू कुणी पुसले नाही. हाराचे एक पान बिजागरीत अडकून तिथेच वाळले.

दवाखान्याचा खर्च मोठा झाला, म्हणून अमरसिंह एकदा दुकानात आला. अप्पा तेव्हा छातीच्या दुखण्याने गावाकडे गेले होते. गल्ल्यावर रुद्रेश होता, पुराच्या कर्जाने चिडलेला.

"आमची आई तुमच्या दुकानात पडलीया," अमरसिंह म्हणाला. "थोडं तरी बघा की."

"पावणं, रोज एवढी माणसं येत्यात, ती न्हाय पडत," रुद्रेश म्हणाला. "आन ह्या वयात म्हातारं माणूस एकटं गावात सोडायचंच कशाला?"

अमरसिंह तावातावाने निघून गेला. पण ते वाक्य त्याच्याबरोबर घरी गेले.

घरात पुढे काय झाले, ते मला नंतर खुद्द धोंडुबाईने सांगितले. तिची खाट सोप्यात, म्हणजे ओसरीत, घातली. जेवण हातात, पाणी हातात, औषध हातात. काठी घेऊन ती अंगणापर्यंत चालू लागली, तरी दाराशी गेली की सगळे धावायचे. सून म्हणे, "आत्या, बसा की. काय पायजे ते मी देते." बसच्या थांब्याकडे नुसते बघितले तरी अमरसिंह म्हणे, "आई, तुला काय कमी हाय? तू नुसती बसून ऱ्हा." कुणी तिला वाईट वागवले नाही. फार चांगले वागवले. हीच तर अडचण होती.

"मला पूजेत बसवलंय," ती आल्यागेल्याला सांगायची. लोकांना वाटे, म्हातारी थट्टा करते.

शेवटी तिने हट्ट धरून ग्राहक मंचात तक्रार घातली. अमरसिंहाला वाटले, दवाखान्याच्या खर्चासाठी. तो खर्च तिला हवाच होता, पोराने म्हैस विकून तो भागवला होता. पण तिला त्याहून मोठे काही हवे होते. आपण वयामुळे पडलो की ओल्या फरशीमुळे, हे कुणीतरी स्पष्ट सांगावे, एवढेच तिचे मागणे होते. वयामुळे पडली असेल, तर तिला पुन्हा घराबाहेर कोण सोडणार?

मग करोना आला. तारखा पुढे गेल्या. दुकान बंद, रस्ते बंद. माळ्यावर मी आणि कळशी धूळ खात पडलो. दुकानाच्या वकिलाचे उत्तर मात्र धोंडुबाईच्या घरी पोचले होते. त्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. दारात सूचनेची पाटी लावलेली होती. आणि तक्रारदार वृद्ध असल्याने वयोमानामुळे त्यांचा तोल गेला.

अमरसिंहाने ते वाचून दाखवले आणि जरा थांबून म्हणाला, "तसं बघितलं तर, आई…"

"काय तसं बघितलं तर?"

"वय झालंयच की तुझं."

त्या संध्याकाळी धोंडुबाई जेवली नाही. "दुकानदारानं लिव्हलं त्याचं मला काय वाटलं न्हाय," ती मला पुढे म्हणाली. "पोरानं मान डोलावली, ते लागलं."

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात अप्पा गावाहून परत आले. वाळलेले, काठी टेकत. दुकान अजून त्यांच्या नावावर होते, म्हणून मंचापुढे द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही हवी होती. भर दुपारी रुद्रेशने टाइप केलेला कागद पुढे ठेवला.

"सही करा, अप्पा. वकील थांबल्यात."

"वाचून दाखव. चष्मा घरी ऱ्हायला."

रुद्रेशने भराभर वाचले. "सदर दिवशी दुकानाच्या दारात सूचनाफलक लावलेला होता…"

"कसला फलक?"

"आपली पिवळी पाटी की, अप्पा."

"कुठं हाय ती? आण."

शालूबाई शिडी लावून माळ्यावर चढली. तिने मला खाली आणले, पण पुसले नाही. मुद्दाम की विसरून, मला आजही ठाऊक नाही. अप्पांनी मला गुडघ्यांवर आडवे घेतले. कुंकू वाळून काळपट झाले होते, पण बोटाचा ठसा तसाच होता. त्यांनी आपले बोट त्यावर ठेवले. ते बरोबर बसले.

"हे कुंकू मी लावलं, रुद्रा. त्या दिवशी ही पाटावर हुती. दारात कशी असंल?"

"एक ओळ हाय, अप्पा. समदे असंच लिव्हत्यात."

"शालूनं मला इचारलंतं, पाटी घेऊ का म्हणून. मी न्हाय म्हणलो. माझ्या तोंडानं."

शालूबाई दारात पाठमोरी उभी राहिली. अडीच वर्षे तिला वाटत होते की एक दिवस सगळे आपल्यावर येईल.

"अप्पा, ऐका की," रुद्रेशचा आवाज खाली आला. "पुराचं कर्ज, करोनाचं भाडं. आता ही भरपाई. कुठनं आणू मी? मला काय हौस हाय का खोटं बोलायची?"

वर टांगलेली भांडी किणकिणत होती. अप्पांनी कागद दुमडला.

"साकु, रुद्रा," ते कानडीत म्हणाले, पुरे म्हणून. "दुकान इकावं लागलं तर इकू. मी हिला देव म्हणून बसवली. आता हिच्याच नावानं खोटं सांगू व्हय? रिक्षा बोलव. हिला घे. कळशीबी घे."

अशी मी, मित्रांनो, रिक्षात बसून ग्राहक आयोगाच्या दारात गेले. मंचाचे नाव मधल्या काळात आयोग झाले होते. बाकावर धोंडुबाई बसली होती, शेजारी अमरसिंह. अप्पांना बघून ती उठू लागली.

"उठू नका, अक्का."

"का? पडंन म्हणून?"

अप्पा मला काखेत घेऊन आत वळले.

आत गेल्यावर दुकानाचे वकील काही बोलणार, त्याआधी अप्पा उभे राहिले. मला त्यांनी टेबलावर उघडून ठेवले. माझी बिजागरी कुरकुरली आणि ते वाळके पान खाली पडले.

"साहेब, आधी दिलेलं उत्तर चुकीचं हाय," ते म्हणाले. "पाटी दारात न्हवती. पूजेत हुती. आमच्या शालूबाईनं मागितली, मी हलवू दिली न्हाय. कोहळ्याचं पाणी आत आलं. अक्का पडल्या न्हाईत, आमी पाडल्या."

अध्यक्षांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितले, मग कुंकवाकडे. पूजेतल्या पाटीवर त्यांनी आधी कधी निकाल दिला नसावा. त्यांनी धोंडुबाईला विचारले, तडजोड करायची तर तुमचे मागणे काय?

"दवाखान्याचा खर्च द्या, जमंल तसा हप्त्यानं," ती म्हणाली. "पोरगं अडचणीत हाय, ते मला दिसतंय." रुद्रेशने मान वळवली. "पण त्या कागदातली वयाची ओळ खोडा. आन खरं काय झालं ते लिव्हून द्या."

लिहिले गेले. अप्पांनी सही केली, खाली रुद्रेशनेही केली. कागद हातात आल्यावर धोंडुबाईने तो अमरसिंहाकडे दिला.

"वाच."

त्याने मनात वाचला.

"मोठ्यानं वाच की. त्या वकिलाचं उत्तर वाचताना आवाज हुता न्हवं तुला?"

बाहेरच्या व्हरांड्यात, आल्यागेल्या सगळ्यांच्या देखत, अमरसिंहाने वाचले. "फरशी ओली होती. सूचनेची पाटी लावलेली नव्हती. तक्रारदार बाईंची कोणतीही चूक नव्हती." शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचली, या वेळी आईकडे बघून.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "मंगळवारी मी मंडईला चालले. एकटी."

"काठी घेऊन जा," एवढेच तो म्हणाला.

निघताना अप्पांनी कळशी पुढे केली. "पोचा काढून, नाव घालून देतो, अक्का."

"नाव घाला. पोचा ऱ्हाऊ द्या," धोंडुबाई म्हणाली. मग तिने माझ्याकडे बोट केले. "आन ही पाटी मला द्या."

"हिचं काय करणार?"

"आमी दोघी एकाच पूजेत बसलोतो. आता दोघीबी उठू."

अशी मी कळंब्याला आले, आणि तिथेच आता म्हातारी होते आहे.

अप्पा त्यानंतर दोन वर्षे होते. शेवटपर्यंत नावे घालत राहिले, हात थरथरू लागल्यावर त्यांची वेलांटी अधिकच लांब झाली. क्रांतीच्या कळशीवर ती आहे. क्रांतीला मुलगा झाला, त्याच्या बारशाला ती कळशी पोचासकट मांडली होती, आणि कुणी विचारले की आजी पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायला घेते. शालूबाईने काम सोडले, ती आता लेकीकडे गारगोटीला असते. अमरसिंहाने पुन्हा म्हैस घेतली. तो आईला बसथांब्यापर्यंत सोडतो, पण बसमध्ये चढवत नाही. ती चढवू देत नाही.

रुद्रेशने सगळे हप्ते फेडले, एकही न चुकवता. पायरीचा उतार त्याने नीट करून घेतला. दर खंडेनवमीला धोंडुबाई त्याच्या दुकानात जाते आणि आल्यावर मला तिथली खबर सांगते. तराजू, हातोडी, यंत्र अजून पाटावर बसतात. नवी पिवळी पाटी मात्र बसत नाही. ती दारात उभी असते, आणि रुद्रेश हळदकुंकवाची वाटी घेऊन तिच्याकडे चालत जातो. तिथेच, ओल्या फरशीवर, तिची पूजा होते.

मित्रांनो, मला हार नकोत. तुमच्या शाळेत, दुकानात, घरात जिथे फरशी ओली होईल, तिथे माझ्या एखाद्या बहिणीला कोपऱ्यातून उचलून उभे करा. ती नसेल तर रिकामी बादली ठेवा, तीही नसेल तर तुम्ही स्वतः दोन मिनिटे उभे राहा. आणि घरात कुणी आजी दाराशी आली, तर तिला आत बसवण्याआधी एवढेच बघा, की बाहेरची फरशी कोरडी आहे ना.

आज मंगळवार आहे. सुनेने सोपा धुतला आहे आणि मी दारात उभी आहे. धोंडुबाई काठी, पिशवी घेऊन निघाली आहे. माझ्याजवळ थांबून तिने ओली जागा बघितली, बाजूने पाय टाकला आणि म्हणाली, "पिवळे, बघ गं दाराकडं. मी येते जाऊन."